घोस्टस्क्रिप्ट : फाइल लहान करणारे, पण अक्षर न गिळणारे साधन

पीडीएफ फाइल लहान करून देणारी साधने आज इतकी झाली आहेत की त्यांतले एखादे पारखून घेण्यापेक्षा समोर येईल ते वापरून मोकळे होण्याकडेच बहुतेकांचा कल असतो. अंबाजोगाईसारख्या तालुक्याच्या गावी वाचनालयातले जुने कागद स्कॅन करून ठेवण्याचे आणि ओळखीपाळखीच्या लोकांना ऑनलाइन अर्जासाठी कागदपत्रे नीट करून देण्याचे काम मी बऱ्याच काळापासून करतो, आणि या कामात ज्या साधनावर माझा पूर्ण भरवसा बसला त्याचे हे परीक्षण आहे. घोस्टस्क्रिप्ट हे त्याचे नाव. ते फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालते आणि सांगितले तेवढेच करते. दिसायला मात्र अगदी रूक्ष आहे आणि त्याच कारणाने ते आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत व सेवा केंद्रांत जवळजवळ कुठेच दिसत नाही. ते दिसावे असे मला मनापासून वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घोस्टस्क्रिप्ट मुळात फाइल दाबण्यासाठी, म्हणजे लहान करण्यासाठी, जन्मलेले नाही. अडोबी कंपनीने १९८४ च्या सुमारास पोस्टस्क्रिप्ट नावाची, छपाईचे पान यंत्राला समजावून सांगणारी भाषा आणली. ती वाचून पान उभे करणारे मुक्त सॉफ्टवेअर एल. पीटर डॉइच यांनी १९८८ मध्ये लोकांसमोर ठेवले. पुढे १९९३ मध्ये अडोबीने पीडीएफ आणले, २००८ मध्ये ते आयएसओ ३२००० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाले, आणि घोस्टस्क्रिप्टही पीडीएफ वाचू व लिहू लागले. आज आर्टिफेक्स ही अमेरिकी कंपनी त्याचा सांभाळ करते. फाइल लहान करणे हा त्याच्या या वाचण्या-लिहिण्याचाच एक उपयोग आहे. जुनी फाइल ते पूर्ण वाचते, तिच्यातले पान, फाँट, चित्रे वेगवेगळी करते आणि दिलेल्या मापाप्रमाणे नवी फाइल लिहून काढते. ‘नवी फाइल लिहून काढते’ हे शब्द लक्षात ठेवावेत, कारण त्याचे गुण आणि एक मोठी मर्यादा दोन्ही तिथूनच येतात.

फाइल लहान करण्याची गरज आपल्याला का पडते, हे वेगळे सांगायला नको. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात एकेका कागदाला २५६ केबीची मर्यादा असते. केंद्र सरकारच्या माहिती अधिकाराच्या पोर्टलवर जोडपत्र पीडीएफच हवे आणि तेही १ एमबीच्या आत. जीमेलने एका वेळी २५ एमबीपर्यंतच जोडता येते. व्हॉट्सअ‍ॅपने २०२२ मध्ये एका फाइलची मर्यादा २ जीबीपर्यंत वाढवली खरी, परंतु ज्याला फाइल पाठवायची त्याच्या मोबाइलमधली जागा आणि गावातले नेटवर्क त्या मानाने वाढले नाही. खरिपाचा पीक विमा भरण्याच्या दिवसांत सातबारा, बँकेचे पासबुक आणि पीकपेऱ्याचे स्वयंघोषणापत्र घेऊन केंद्रांवर जी रांग लागते, तिथे चार एमबीची फाइल आणि दोनशे केबीची फाइल यांतला फरक रांगेतल्या प्रत्येक माणसाला सोसावा लागतो.

आता फाइल जड का होते ते पाहू, कारण ते कळले की घोस्टस्क्रिप्टच्या निम्म्या गोष्टी आपोआप उलगडतात. ए-फोर आकाराचा कागद ३०० डीपीआयवर, म्हणजे एका इंचात ३०० बिंदू या मापाने, स्कॅन केला तर २४८० गुणिले ३५०८ असे सुमारे ८७ लाख बिंदू तयार होतात. रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक बिंदूला तीन बाइट लागतात, म्हणून न दाबलेले एक पान २६ एमबीच्या घरात जाते. तेच पान राखाडी छटांत घेतले तर पावणेनऊ एमबी, आणि बिंदू एक तर काळा नाही तर पांढरा अशा एक-बिट पद्धतीने घेतले तर जेमतेम १ एमबी. दाबण्याची क्रिया यानंतर सुरू होते. डीपीआय निम्मा केला की बिंदू निम्मे होत नाहीत, चौथा हिस्सा उरतात. १५० डीपीआयला ८७ लाखांचे साधारण २२ लाख होतात. याउलट संगणकावर टंकलेल्या पानात बिंदू नसतातच, तिथे अक्षरांच्या आकृती आणि त्यांच्या जागा असतात, आणि असे पान काही केबींत मावते. म्हणून टंकलेला अर्ज आधी छापायचा, त्यावर सही करायची, मग त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि त्या फोटोची पीडीएफ करायची, ही आपल्याकडे रूढ झालेली रीत फाइल जड करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. सहीचे पान तेवढे स्कॅन करावे आणि बाकीची पाने टंकलेल्या मजकुरातूनच पीडीएफ करून जोडावीत.

घोस्टस्क्रिप्टमध्ये तयार मापे आहेत आणि त्यांपैकी ‘स्क्रीन’, ‘ईबुक’, ‘प्रिंटर’ आणि ‘प्रीप्रेस’ ही चार कामाची आहेत. ‘स्क्रीन’ रंगीत व राखाडी चित्रे ७२ डीपीआयवर आणते, ‘ईबुक’ १५० वर, आणि उरलेली दोन ३०० वर. इंटरनेटवर जिथे जिथे घोस्टस्क्रिप्टची ओळख करून दिलेली असते तिथे ही चार नावे सांगून विषय संपवलेला असतो, आणि मग वाचणारा माणूस ‘ईबुक’ लावून पाहतो तर फाइल होती तेवढीच राहते. याचे कारण साधे आहे, पण ते फार थोड्या ठिकाणी सांगितलेले सापडते. चित्राचा मूळ डीपीआय अपेक्षित मापाच्या दीडपटीहून जास्त असेल तरच घोस्टस्क्रिप्ट त्याला हात लावते. ‘ईबुक’चे माप १५०, त्याची दीडपट २२५. स्कॅनरवर २०० डीपीआयने घेतलेले पान २२५ च्या खाली असल्याने ते तसेच सोडून दिले जाते, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत तर जेपेग (फोटो दाबून साठवण्याचा रूढ प्रकार) चित्राचा डीपीआय बदलायचा नसेल तर ते पुन्हा दाबलेही जात नाही, जसेच्या तसे नव्या फाइलीत जाते. ३०० डीपीआयचे पान मात्र लगेच १५० वर येते. याचा परिणाम असा होतो की ३०० वर स्कॅन केलेली मोठी फाइल चटकन लहान होते आणि २०० वर स्कॅन केलेली, मुळातच लहान असलेली फाइल हट्टाने तेवढीच राहते.

इथे वैतागून ‘स्क्रीन’ लावले की २०० डीपीआयचे पान थेट ७२ वर येते आणि सगळे वाचण्याच्या पलीकडे जाते. योग्य उपाय मधला आहे. दीडपटीची ती अट घोस्टस्क्रिप्टला टंकून द्यायच्या आज्ञेत स्वतः १ करावी आणि डीपीआय आपल्याला हवा तो, १५० किंवा १३०, लिहून द्यावा. ही मुभा बहुतेक बटणवाल्या साधनांत मिळत नाही. तिथे ‘कमी’, ‘मध्यम’, ‘जास्त’ अशी तीन बटणे असतात आणि ‘जास्त’ म्हणजे नेमके किती, हे दाबणाऱ्याला कळत नाही. घोस्टस्क्रिप्टला आकडा लागतो, म्हणून ते वापरणाऱ्याला आपण कागदाचे काय करतो आहोत याचे भान राहते. माझ्या लेखी हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

देवनागरीला हे भान रोमन लिपीपेक्षा अधिक लागते. इंग्रजी दाखल्यातले अक्षर थोडे पुसट झाले तरी त्याच्या बाह्याकारावरून ते ओळखू येते. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर अनुस्वार, रफार, मात्रा, वेलांटी आणि खाली उकार, ऋकार अशी गर्दी असते, आणि यांतला अनुस्वाराचा टिंब तर कागदावर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. ७२ डीपीआयवर त्या टिंबाच्या वाट्याला जेमतेम एक बिंदू येतो आणि जेपेगच्या दाबणीत तोही आजूबाजूच्या पांढऱ्यात विरघळतो. १५० वर त्याला अडीच बिंदूंच्या आसपास जागा मिळते आणि तो टिकतो.

एका विद्यार्थिनीने मला तिच्या उत्पन्नाच्या दाखल्याची पीडीएफ दाखवली होती. एका केंद्रावर ती अशी दाबून घेतली होती की फाइल ६० केबीची झाली, परंतु ‘शिंदे’ या आडनावावरचा अनुस्वार पूर्ण नाहीसा झाला होता आणि ‘शिदे’ असे स्वच्छ वाचता येत होते. तहसीलच्या गोल शिक्क्यातली अक्षरे निळ्या डागासारखी झाली होती आणि दाखल्याच्या क्रमांकातला १ आहे की ९ आहे हे मोठे करून पाहिल्यावरही ठरवता येत नव्हते. मर्यादा २५६ केबीची होती. म्हणजे जवळजवळ दोनशे केबीची जागा हाताशी असताना अक्षरे खर्ची पडली होती. मूळ कागद पुन्हा राखाडी छटांत २०० डीपीआयवर स्कॅन करून, घोस्टस्क्रिप्टने १५० वर आणून जी फाइल झाली ती मर्यादेत बसली आणि तिच्यात शिक्क्याच्या कडेची अक्षरेही लागत होती. मर्यादा दिलेली असेल तर तिच्या जवळ जाऊन थांबावे. तिच्या तळाशी जाण्यात काही मिळत नाही.

काळ्या-पांढऱ्या स्कॅनच्या बाबतीत घोस्टस्क्रिप्टचे वागणे मला विशेष आवडते. एक-बिट पद्धतीने ३०० डीपीआयवर घेतलेले पान ते फॅक्स यंत्रांसाठी बनवलेल्या गट-चार पद्धतीने दाबू शकते, आणि या पद्धतीत एकही बिंदू बदलत नाही. स्वच्छ छापील पान अशा तऱ्हेने साधारण ३० ते ८० केबींत बसते आणि ७२ डीपीआयच्या रंगीत पानापेक्षा कितीतरी ठसठशीत दिसते. शिवाय ‘स्क्रीन’ आणि ‘ईबुक’ या मापांतही एक-बिट चित्रांसाठी ३०० चीच मर्यादा आहे, त्यामुळे अशा पानाला कुठलेही माप लावले तरी अक्षराला धक्का लागत नाही. टंकलिखित पत्रे, जुनी छापील पुस्तके, फेरफाराच्या नकला, ठरावांच्या प्रती यांच्यासाठी मी डोळे झाकून ही पद्धत सुचवतो.

याच ठिकाणी एक धोका नोंदवायला हवा, कारण त्याची माहिती जमिनीचे कागद हाताळणाऱ्या प्रत्येकाला असली पाहिजे. काळ्या-पांढऱ्या पानांना याहूनही लहान करणारी जेबीआयजी-२ नावाची पद्धत आहे. तिच्या एका प्रकारात पानावरची एकसारखी दिसणारी अक्षरे शोधून, त्यांपैकी एकाचेच चित्र साठवतात आणि बाकीच्या ठिकाणी तेच चिकटवतात. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे या पद्धतीमुळे स्कॅन केलेल्या पानातले आकडेच बदलत होती, ६ च्या जागी ८ येत होता, आणि तोही धूसर नव्हे तर अगदी ठळक व स्वच्छ. कंपनीला त्यासाठी दुरुस्ती काढावी लागली. धूसर आकडा निदान शंका तरी निर्माण करतो, स्वच्छ दिसणारा चुकीचा आकडा कोणालाच दिसत नाही. गट क्रमांक, हेक्टर-आर, खाते क्रमांक अशा आकड्यांवर ज्यांचे सगळे अवलंबून आहे त्यांच्यासाठी ही किरकोळ बाब नव्हे. घोस्टस्क्रिप्ट पीडीएफ लिहिताना जेबीआयजी-२ पद्धत वापरतच नाही. अशी फाइल त्याच्याकडे आली तर ते ती वाचू शकते, मात्र नवी फाइल बिंदूला न बदलणाऱ्या पद्धतीनेच लिहिते. फाइल थोडी मोठी होते, आणि ती किंमत मला योग्य वाटते. अर्थात आलेल्या फाइलीतच आकडा बदललेला असेल तर तो परत आणणे कुठल्याही साधनाच्या हाती नाही.

जुन्या कागदांना मात्र काळे-पांढरे स्कॅन लावू नये. मराठवाड्यात घराघरांत निजामकाळातले कागद, जुनी खासरापत्रके, मोडीतल्या आणि उर्दूतल्या नोंदी, वाड्याच्या दस्तांच्या नकला असतात, आणि २०२३ पासून जुन्या नोंदींचा शोध सुरू झाल्यावर पेट्यांत पडलेले हे कागद पुन्हा बाहेर आले. यांचा कागद पिवळा पडलेला, शाई कुठे गडद तर कुठे तपकिरी होऊन फिकटलेली आणि मागच्या बाजूची अक्षरे पुढे उमटलेली असतात. एक-बिट स्कॅनमध्ये फिकट शाई पांढऱ्यात जाते आणि कागदावरचा डाग काळ्यात येतो. मोडीसारख्या सलग, लेखणी न उचलता लिहिलेल्या लिपीत एक बारीक फाटा गेला तरी शब्द बदलतो. असा कागद रंगीत किंवा राखाडी छटांत ३०० डीपीआयवर स्कॅन करून तो मूळ म्हणून जपावा आणि पाठवण्यासाठी घोस्टस्क्रिप्टने १५० ची वेगळी प्रत काढावी. वाचनालयातल्या कागदांसाठी आम्ही हेच करतो. पाठवायची प्रत पाहून मोडी जाणकाराला एखादा शब्द लागला नाही, तर तेवढे पान मूळ आकारात पाठवता येते.

आता मर्यादेकडे येतो. घोस्टस्क्रिप्ट नवी फाइल लिहून काढते, म्हणून मूळ फाइलीवर डिजिटल स्वाक्षरी असेल तर ती नव्या फाइलीत उरत नाही. महाभूमीच्या पोर्टलवरून १५ रुपये भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, आधारची उतरवून घेतलेली प्रत, डिजिलॉकरमधले काही दाखले हे सगळे अशा प्रकारचे कागद आहेत. स्वाक्षरी त्या फाइलीच्या बाइटांशी बांधलेली असते आणि फाइल पुन्हा लिहिली की ती गाठ सुटते. पानावर स्वाक्षरीचा चौकोन तसाच दिसतो, पण ती पडताळून पाहिली तर पडताळणी होत नाही. हा दोष एकट्या घोस्टस्क्रिप्टचा नाही. फाइल नव्याने लिहून दाबणाऱ्या प्रत्येक साधनाने हेच होते. तेव्हा डिजिटल स्वाक्षरी असलेला कागद दाबू नये, त्यात पाने जोडू नयेत, तो छापून पुन्हा स्कॅनही करू नये. तो मिळाला तसा जोडावा. असे कागद मुळातच टंकलेल्या मजकुराचे असल्याने बहुधा लहानच असतात. याच कारणाने, भरता येण्याजोगे फॉर्म असलेली पीडीएफ घोस्टस्क्रिप्टमधून काढली तर रकाने सपाट होतात आणि पुढे त्यांत काही लिहिता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

टंकलेल्या मराठी मजकुराच्या बाबतीत घोस्टस्क्रिप्टला फार काही करायचे नसते आणि तो कागद चांगला निपजावा याची जबाबदारी आधीच्या पायरीवर असते. मी त्यासाठी लिब्रेऑफिस वापरतो. त्याच्या ‘एक्सपोर्ट अ‍ॅज पीडीएफ’ या खिडकीतच चित्रांसाठी जेपेगची गुणवत्ता आणि डीपीआय ठरवता येतो. तिथे ९० टक्के आणि ३०० डीपीआय असे आकडे आधीपासून भरलेले असतात, ते ७५ आणि १५० केले की बहुतेक वेळा पुढे दाबण्याची गरजच उरत नाही. त्याच खिडकीत दीर्घकाळ जतनासाठीचा पीडीएफ-ए हा प्रकार एका खुणेने निवडता येतो. घोस्टस्क्रिप्टमध्येही पीडीएफ-ए करता येते, परंतु त्यासाठी रंगांची वेगळी फाइल आणि जास्तीच्या सूचना द्याव्या लागतात; त्या कामी लिब्रेऑफिस सरळ बरे.

फाँटची बाब याहून महत्त्वाची आहे. अजूनही आपल्याकडच्या अनेक छापखान्यांत आणि टंकलेखन केंद्रांत युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारे मानक) येण्यापूर्वीचे फाँट वापरतात. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृती बसवलेल्या असतात, त्यामुळे पीडीएफ दिसते सुरेख, पण तिच्यातून ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ बाहेर पडतो आणि फाइलीत नाव शोधले तर सापडत नाही. घोस्टस्क्रिप्ट हा दोष दुरुस्त करत नाही आणि करू शकतही नाही. ग्रामपंचायतीचा ठराव असो, कृषी विद्यापीठाच्या माहितीवरून गावासाठी केलेले पत्रक असो की विद्यापीठात सादर करायचा प्रबंध असो, मजकूर युनिकोडमध्येच टंकावा आणि पीडीएफ त्यातूनच काढावी. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, जाणार असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण तिथे पुढचा संशोधक शब्द शोधतच येतो.

घोस्टस्क्रिप्ट संगणकातच काम करते आणि कागद कुठेही बाहेर जात नाही, हा माझ्या दृष्टीने दुसरा मोठा गुण. आयलव्हपीडीएफ किंवा स्मॉलपीडीएफ यांसारखी संकेतस्थळे वापरायला सोपी आहेत आणि फाइल ठरावीक वेळाने पुसली जाते असे ती सांगतात. एखादे पत्रक किंवा कवितांची पुस्तिका त्यांवर चढवायला काहीच हरकत नाही. आधार, पासबुक, जातीचा दाखला आणि सही असलेला कागद मात्र परक्या सर्व्हरवर का पाठवायचा, याला कुठलेही पटणारे कारण नाही. २०२० च्या जूनमध्ये भारत सरकारने ज्या ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली त्यांत कॅमस्कॅनर होते, आणि तोवर आपल्याकडच्या असंख्य लोकांचे कागद त्या अ‍ॅपमधून गेलेले होते. सेवा केंद्र चालवणाऱ्याच्या हातात दिवसभर दुसऱ्यांचे कागद असतात, म्हणून त्याने तरी हे काम आपल्या संगणकाबाहेर जाऊ देऊ नये. शिवाय नेटवर्क गेले तरी घोस्टस्क्रिप्ट थांबत नाही, आणि हा फायदा आमच्या भागात कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

आता त्याच्या रूक्षपणाविषयी. घोस्टस्क्रिप्टला नीटशी खिडकी नाही. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकावी लागते आणि ती लांबलचक आहे. यावर तोडगा असा की ती आज्ञा एकदाच नोटपॅडमध्ये लिहून बॅच फाइल म्हणून डेस्कटॉपवर ठेवावी. मग कुठलीही पीडीएफ माउसने ओढून त्या चिन्हावर सोडली की शेजारी लहान प्रत तयार होते. अशा दोन फाइली पुरतात, एक १५० डीपीआय राखाडी छटांची दाखल्यांसाठी आणि दुसरी १५० डीपीआय रंगीत, नकाशे व फोटो असलेल्या कागदांसाठी. आज्ञा लिहिताना नव्या फाइलीचे नाव मूळ फाइलीपेक्षा वेगळे राहील याची खात्री करून घ्यावी, कारण दोन्ही नावे एकच दिली तर मूळ फाइल वाचून होण्याआधीच तिच्यावर लिहिणे सुरू होते आणि हाती काही राहत नाही. लिनक्स असलेल्या संगणकावर घोस्टस्क्रिप्ट बहुधा आधीपासूनच असते. विंडोजवर ज्यांना आज्ञा नकोच आहे त्यांच्यासाठी पीडीएफ-ट्वेंटीफोर हे जर्मन, फुकट आणि संगणकात बसवून इंटरनेटशिवाय चालणारे साधन आहे. त्यात डीपीआयचा आकडा स्वतः देता येतो, म्हणून तेही चालण्यासारखे आहे. फक्त मोबाइलवरच सगळे करणाऱ्यांना घोस्टस्क्रिप्टचा उपयोग नाही, आणि आपल्याकडे त्यांची संख्या मोठी आहे हे मान्य करायला हवे. त्यांनी निदान एवढे करावे : कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायचा तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, कारण फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो स्वतःच दाबते आणि मग केंद्रावर त्याच्यावर दुसऱ्यांदा दाब पडतो.

आवृत्तीबद्दल एक सूचना. घोस्टस्क्रिप्टमध्ये वेळोवेळी सुरक्षेच्या त्रुटी सापडल्या आहेत आणि त्या दुरुस्तही झाल्या आहेत, त्यामुळे कोणीतरी पेन ड्राइव्हवर दिलेली जुनी आवृत्ती न बसवता त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच नवी घ्यावी. त्याचा पीडीएफ वाचणारा भाग पूर्ण नव्याने लिहिला गेला आणि २०२२ पासून तोच वापरात आला, हेही नवी आवृत्ती घेण्याचे एक कारण आहे. परवाना एजीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकारचा आहे. दुकानात किंवा वाचनालयात वापरण्यासाठी काही पैसे पडत नाहीत.

ज्याच्या हातून रोज दुसऱ्यांचे कागद जातात, म्हणजे सेवा केंद्रचालक, झेरॉक्सचे दुकानदार, शाळा-महाविद्यालयांतले लिपिक, वाचनालये, गावाचा इतिहास गोळा करणारे अभ्यासक, त्यांनी घोस्टस्क्रिप्ट शिकून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षाकाठी एखादा अर्ज भरणाऱ्याने त्याच्या मागे लागू नये; त्याने कागद राखाडी छटांत, बेताच्या डीपीआयवर स्कॅन करून घेतला तरी काम होते. दोघांनीही फाइल पाठवण्यापूर्वी ती उघडून पानावरचा सर्वांत लहान अनुस्वार, शिक्क्याची कड आणि क्रमांकातला प्रत्येक आकडा मोठा करून पाहावा, आणि मूळ स्कॅन पावती मिळेपर्यंत तरी पुसू नये.